बेचाळीस सेकंदांची कॉलर

मित्रांनो, मला भिंतीवरच्या घड्याळासारखे शहाणे समजू नका. ते बिचारे किती वाजले ते सांगते, तास झाला की टोले देते आणि आपल्या जागी लटकून राहते. मला आत्ता किती वाजले हे उभ्या जन्मात कधी कळलेले नाही. अमक्याला किती वेळ लागला आणि तमक्याला किती, एवढेच मला कळते. बटण दाबले की मी धावत सुटते, पुन्हा दाबले की धापा टाकत उभे राहते आणि तिसऱ्यांदा दाबले की सगळे विसरून शून्यावर येते. निदान विसरायला तरी हवे. पण एक आकडा मला काही केल्या विसरता आलेला नाही, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या पोटात केसाहून बारीक कमान बसवली, मला कानाशी धरले आणि शेजारणीला म्हणाली, "हे कार्टं जरा उतावळंच निघणार बघ." तिने कमान किंचित सैल केली, पुन्हा ऐकले आणि मला डबीत घातले. पण मूळ स्वभाव जातो थोडाच! डबीतसुद्धा माझी नुसती चुळबुळ चालली होती.

डबी उघडली ती शर्टांच्या कारखान्यात. तिथे एका मोठ्या खोलीत चार ओळींत साठ शिलाई मशिने होती आणि त्यांचा खडखडाट असा, की शेजारच्याशी बोलायचे तरी कानाला तोंड लावावे लागे. मी ज्याच्या गळ्यात पडले त्याला सगळ्या बायका घड्याळमास्तर म्हणत. हडकुळा, अबोल माणूस. एका हातात फळी, फळीवर कागद, गळ्यात मी. कॉलर शिवणाऱ्या बाईच्या पाठीमागे तो जाऊन उभा राहायचा. तिने कापड उचलले की टक्, कॉलर पुरी करून खाली ठेवली की टक्. अशा दहा कॉलरी मोजायच्या आणि कागदावर लिहायच्या. त्या कागदावरून मालक ठरवायचे, की प्रत्येकीने दिवसाला किती कॉलरी शिवल्याच पाहिजेत. मालक मला बोटाने टिचकी मारून म्हणायचे, "माणसं खोटं बोलतील, हे नाही बोलणार." मी फुगून जायचे.

पण मला जे दिसायचे ते किती खरे होते, ते ऐका. तिसऱ्या ओळीच्या टोकाला एक बाई बसायची. तिचे हसू त्या खडखडाटावरूनही पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचे, म्हणून तिला सगळे गजर म्हणत. मास्तर दारात दिसला की गजर आपली कात्री टेबलावर आपटायची. टण्ण! की लगेच ओळीतून कुजबुज जायची, "जड हात, जड हात." क्षणापूर्वी भराभर चालणारे हात एकदम सुस्तावायचे. कापड उचलायचे, उलटायचे, पुन्हा सुलटायचे, सुरकुती नसली तरी हाताने साफ करायचे. या बायका आळशी होत्या असे मुळीच नाही. एकीने घाई दाखवली, की तोच वेग दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या गळ्यात पडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून मास्तरच्या कागदावर प्रत्येकीच्या नावापुढे साठ सेकंद. ना एक कमी, ना एक जास्त. मला हे राजकारण कुठले कळायला! माझा आपला जीव टांगणीला लागायचा. अगं उचल ना, अगं मार ना टीप, असे होऊन जायचे.

मग त्या ओळीत एक नवी मुलगी आली. वय असेल एकोणीस. मशिनवर तिची बोटे अशी फिरत, की आठ दिवसांत तिचे नाव भिंगरी पडले. गजरने तिला शेजारच्या मशिनवर बसवून घेतले, सुईत दोरा न थुंकता कसा ओवायचा ते शिकवले आणि जड हातही शिकवला. भिंगरी हसत हसत हो म्हणाली. पण एक दिवस मास्तरच्या मागोमाग स्वतः मालक आले आणि नेमके भिंगरीच्या पाठीशी उभे राहिले. कात्री वाजली. ओळ सुस्तावली. भिंगरीचे हात मात्र सुस्तावले नाहीत. मालकांनी आपले काम एकदा तरी बघावे, असे त्या पोरीला वाटले असणार. टक्. कापड उलटले, टोक निघाले, कडेची टीप सरळ धावली. टक्.

बेचाळीस सेकंद.

"वा!" मालक म्हणाले. भिंगरीचे कान आनंदाने लाल झाले. आणि मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मलाही आनंद झाला. एवढ्या वर्षांत प्रथमच कोणीतरी माझ्याबरोबर धावले होते.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या ओळीचा कोटा वाढला. बाकीच्या बायकांनी ओढूनताणून गाठला. गजरला गाठता येईना. तिची कॉलर बघत राहावी अशी व्हायची, दोन्ही टोके अगदी सारखी. पण पंचावन्न सेकंदांच्या खाली तिचे हात उतरत नसत. दोन महिन्यांनी मालकांनी मास्तरला विचारले, "तिसऱ्या ओळीत सगळ्यांत हळू कोण?" मास्तरने कागद पाहिला आणि सांगितले. त्या आठवड्याअखेर गजरच्या मशिनवर दुसरीच बाई बसली होती. टक् करायला मास्तर तिच्या मागे उभा राहिला तेव्हा त्याचा अंगठा माझ्या बटणावर ओला लागला.

पुढे बॅटरीवर चालणारी, आकडे लकाकणारी घड्याळे आली आणि माझी गरज संपली. मास्तर निवृत्त झाला तेव्हा त्याने मला घरी नेले आणि टेबलाच्या खणात टाकले. तिथे संपलेली पेने, तुटका चष्मा, कुठल्या कुलपाची ते कोणालाच माहीत नसलेली किल्ली, अशा मंडळींत मी किती वर्षे काढली कोण जाणे. धावणाऱ्याला पडून राहण्याएवढी शिक्षा नाही. चावी नव्हती तरी आत काहीतरी हलतेय असे मला वाटत राही, आणि ते हलणे म्हणजे तो आकडा.

एक दिवस खण उघडला तो मास्तरच्या सुनेने. ती इंग्रजी शिकवायची. शाळेत तर शिकवायचीच, शिवाय सुट्टीच्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत कारखान्यातल्या बायकांचा वर्ग घ्यायची.

"बाबा, हे घड्याळ मी वर्गात नेऊ?"

"ने," मास्तर म्हणाला. "चावी जपून दे. बारा फेरे, तेरावा नको."

त्या खोलीत शिरताच मी एकीला ओळखले. केस कानांजवळ पांढरे झाले होते, पण पेन फिरवणारी बोटे तीच. भिंगरी! तिच्यावर आता बाका प्रसंग होता. डोळे अधू झाले होते, मशिनवर दोरा अंधुक दिसायचा आणि दोनदा सुई नखातून आरपार गेली होती. कारखान्यात नव्या मुलींना शिकवणारीची एक जागा निघाली होती. ती मिळाली तर ठीक, नाहीतर महिनाअखेर घरी, असे तिला स्पष्ट सांगितले होते. माल परदेशी जायचा, साहेब लोक इंग्रजी बोलायचे, म्हणून परीक्षा इंग्रजीत होती. दोन मुलींचे काम पाच मिनिटे बघायचे आणि कोण कोणापेक्षा कसे काम करते ते तोंडी सांगायचे, एवढीच परीक्षा.

म्हणून त्या दिवशी मास्तरची सून, म्हणजे वर्गाच्या मॅडम, तेच शिकवत होत्या. "काम कसं केलं, ते सांगणारे शब्द. तुलना करायची असली की छोट्या शब्दाला मागे शेपूट लावायचं. फास्ट, फास्टर. लांब शब्दाला शेपूट पेलत नाही, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची. स्लोली, मोअर स्लोली. नीटली, मोअर नीटली."

"आणि वेलचं काय हो, मॅडम?"

"त्याचं बेटर. ते घरातलं लाडावलेलं पोर आहे, नियम पाळत नाही." बायका हसल्या. मॅडम मला उंच धरून म्हणाल्या, "आता आपण बघूच. दोघींनी पुढे या. एकेक बटण शिवायचं. कोण फास्टर, ते वर्गाने सांगायचं."

टक्.

तो आवाज झाला मात्र, आणि दोघींचे खांदे वर गेले. हात सुस्तावले. सुई उचलली, निरखली, बटण उलटे करून पाहिले. दोघींची बटणे एकाच क्षणी पुरी झाली. एक मिनिट चाळीस सेकंद. मॅडमनी दुसरी जोडी बोलावली. एक मिनिट चाळीस सेकंद. बायकांना स्वतःलाही कळत नव्हते आपण काय करतोय ते. वर्षानुवर्षांची सवय, हातांनीच परस्पर ठरवले होते.

"मग? कोण फास्टर?"

"सेम, मॅडम," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. "सेमच."

तिसऱ्या जोडीत भिंगरी होती. टक् ऐकताच तिने सुई खाली ठेवली, पाणी प्यायला म्हणून उठली आणि परत आलीच नाही.

मॅडमना वाटले, मीच बिघडले. घरी येऊन त्यांनी तक्रार केली तेव्हा मास्तर आधी ठसका लागेपर्यंत हसला. "अगं, घड्याळ ठणठणीत आहे. हा जड हात. मला कळायचा तो. मुद्दाम हळू करताना खांदे वर होतात."

"कळायचं, तर मग साठ कसे लिहायचात?"

"मला साठच दिसायचे ना!" तो म्हणाला, आणि मग त्याचे हसू मावळले. त्याने सुनेला ती बेचाळीस सेकंदांची गोष्ट सांगितली. "त्या दिवशी मालक मागे होते. नंतर त्यांनी विचारलं हळू कोण, मी नाव सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण सुबक कॉलर शिवण्यात तिचा हात धरणारी दुसरी कोणी नव्हती, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. अर्धंच खरं सांगितलं गं मी. त्या अर्ध्यानं तिचं काम गेलं."

पुढच्या वर्गाला भिंगरी आली ती वही परत द्यायला. "मॅडम, मला नाही जमायचं. सगळी वाक्यं पाठ आहेत, पण मोअर स्लोली म्हणायची वेळ आली की जीभच उचलत नाही. त्या एका वाक्यानं एक बाई घरी बसली. आणि ते वाक्य माझ्यामुळे झालं."

"कुठे असतात त्या?"

"बाजारामागच्या गल्लीत. लाँड्रीच्या दारात बसून रफू करते."

"मग भेटलात कधी?"

भिंगरीने वही मॅडमपुढे सरकवली. "बावीस वर्षं झाली, त्या गल्लीतून जात नाही मी. वळसा घालून जाते."

मॅडमनी वही घेतली नाही. उलट मलाच तिच्या पिशवीत टाकले. "परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. याचा आवाज कानाला सवयीचा करून घ्या. बाकी तुमचं तुम्ही बघा."

दोन दिवस पिशवीत मी नुसते हेलकावे खाल्ले. गल्लीच्या तोंडाशी भिंगरी यायची, थांबायची, वळायची. एकदा, दोनदा, तीनदा. तिच्या काळजाचे ठोके मला पिशवीतून ऐकू येत होते आणि ते माझ्याहून जोरात धावत होते. चौथ्यांदा मात्र ती वळली नाही.

लाँड्रीच्या दारात, दिव्याखाली, गुडघ्यावर एक कोट घेऊन गजर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दाखव. भोक केवढं आहे?" हातात कपडा पडला नाही तशी तिने वर पाहिले. भिंगरीने पिशवीतून मला काढले आणि टेबलावर ठेवले.

"अगं बाई," गजर म्हणाली, "हे मेलं अजून जिवंत आहे होय!"

"ताई, माझ्यामुळे तुझं—"

"तुझ्यामुळे? एवढी मोठी कधी झालीस तू?" गजरने सुई कोटात टोचून ठेवली. "कोटा मालकानं वाढवला. तू पोर होतीस, तुला मिरवायचं होतं. माझे हात तसे असते तर मीही मिरवलं असतं. त्याचा राग वर्षभरात गेला माझा."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तू लांबच्या बाकावर जाऊन बसलीस. तुझा कप मी नेहमीसारखा भरून ठेवला होता. बघता बघता त्याच्यावर साय धरली. मी काही विचारणार नव्हते तुला, नुसती शेजारी येऊन बसली असतीस तरी पुरे होतं. ते नाही विसरले मी." तिने गल्लीच्या तोंडाकडे बोट दाखवले. "आणि इथून तो कोपरा सरळ दिसतो, बरं का. बावीस वर्षं तू वळसा घालतेस आणि बावीस वर्षं मी बघतेय."

भिंगरी रडायला लागली. गजरने तिला रडू दिले. तेवढ्यात चार दोरे भरून घेतले, मग स्टूल पायाने पुढे सरकवले.

"बस. आणि ते इंग्रजी काय अडलंय तुझं, ते म्हणून दाखव. मॅडम इथे कपडे टाकतात, मला सगळं माहीत आहे. माझ्यावरूनच म्हण."

भिंगरी स्टुलावर बसली. "शी सोज... मोअर स्लोली दॅन मी."

"म्हणजे?"

"म्हणजे... तू माझ्यापेक्षा हळू शिवतेस."

"खरंय. पुढे?"

"पुढे काय? संपलं वाक्य."

"असं कसं संपलं?" गजरने तो कोट उजेडासमोर ताणून धरला. "दाखव बघू, भोक कुठे होतं?"

भिंगरीने चष्मा लावला, काढला, कापडावरून बोट फिरवले. तिला ते सापडले नाही. मलाही सांगता आले नसते. "मोअर नीटली," ती हळूच म्हणाली. "शी सोज मोअर नीटली दॅन मी."

"हां. आता झालं," गजर म्हणाली आणि पुढचा कपडा ओढला.

त्यांनी मला चालू केले होते, रफूला किती वेळ लागतो ते बघायला. पण त्या बोलत बसल्या. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचे गुडघे धरले, जुन्या ओळीतली कोण कोण गेली. मध्येच माझी चावी संपली आणि मी थांबले. दोघींपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

परीक्षेच्या दिवशी मी भिंगरीच्या मुठीत होते. समोर दोन मशिनांवर दोन नव्या मुली, एक निळ्या कपड्यांतली, एक पिवळ्या. टेबलापलीकडे परीक्षा घेणारी बाई. पाच मिनिटे संपली. भिंगरी उभी राहिली आणि एकेक शब्द जमिनीवर पाय रोवल्यासारखा ठेवत बोलली, की निळी मुलगी फास्टर शिवते. पिवळी मोअर स्लोली शिवते. बाईने लिहायला सुरुवात केली तेव्हा भिंगरी घाईने म्हणाली, "नॉट फिनिश्ड, मॅडम. पिवळी मुलगी कोपरा मोअर केअरफुली वळवते." तेही ती इंग्रजीतच म्हणाली.

बाईने पेन थांबवले. "एकच मुलगी ठेवायची असली, तर कोण जाईल?"

हा प्रश्न काही वहीत नव्हता. पिवळ्या मुलीला इंग्रजी कळत नव्हते, पण आपल्याविषयी काहीतरी चाललेय एवढे कळत होते. तिने हात मांडीवर घेतले होते. भिंगरीची मूठ आवळली, माझे बटण नकळत दाबले गेले आणि मी धावू लागले. दहा सेकंद, वीस, तीस. बोल, बोल गं! जागा जाईल! मी मुठीत तडफडत होते.

"नो वन," भिंगरी शेवटी म्हणाली. "आय विल सिट निअर हर. आय विल टीच मोअर पेशंटली." कोणीच जाणार नाही, तिच्याजवळ बसेन, आणखी धीराने शिकवेन. बाईने मान हलवली, काही लिहिले आणि जायला सांगितले.

भिंगरी दाराकडे गेली नाही. ती स्टूल ओढून पिवळ्या मुलीच्या शेजारी बसली. "मी तुला हळू म्हणाले," तिने सांगितले. "आणि कोपरा तुझा जास्त चांगला वळतो, हेही म्हणाले. दोन्ही खरं आहे. तोंडावर सांगावं म्हणून बसले." मुलीने तिच्याकडे पाहिले. मग कापड उचलून म्हणाली, "ताई, मग टीप मारताना माझा हात अडतो कुठे, ते दाखवाल?"

निकाल लागायला चार दिवस गेले. ते चार दिवस मी पिशवीच्या तळाशी कसे काढले ते माझे मला माहीत. जागा तिलाच मिळाली. मॅडमनी मला परत मागितले नाही.

मित्रांनो, आता मी मिनिटाला चार सेकंद मागे पडते. माझी कमान थकली आहे. मला पाण्यापासून जपा, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, चावी पिळू नका. आणि मोजायचे तर खुशाल मोजा. कोण फास्टर, कोण मोअर स्लोली, हे जगात असणारच. मी ते नाकारले तर मी कसले घड्याळ! पण मोजलेत की पुरते सांगा, आणि आकडा घेऊन निघून जाऊ नका. ज्याला मोजले त्याच्या शेजारी थोडे बसा. तेवढा वेळ मला बंद ठेवा.